भाड्यापासून थकबाकीपर्यंत : महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या देणेवसुलीचा एक मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील सहकारी चळवळीचा इतिहास आजवर प्रामुख्याने साखर कारखाने, पतसंस्था, जिल्हा बँका आणि दूध संघ यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. संख्येने राज्यातील सहकारी संस्थांचा सर्वात मोठा गट असलेल्या गृहनिर्माण संस्थांकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे त्या मानाने दुर्लक्ष झाले. या संस्थांविषयीचे लेखन मुख्यतः मार्गदर्शक स्वरूपाचे आहे. थकबाकीदार सभासदास नोटीस कशी द्यावी, उपनिबंधकाकडे अर्ज कोणत्या नमुन्यात करावा, दाखला मिळाल्यावर पुढे काय करावे, अशा व्यावहारिक प्रश्नांची उत्तरे त्यात मिळतात. परंतु सदनिकेच्या मासिक देखभाल खर्चाची थकबाकी 'जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे' वसूल करण्याची तरतूद मुळात आली कोठून, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांचा शेतसाऱ्याशी संबंध काय, असे एखाद्या सभासदाने विचारले तर त्याला हसण्यावारी नेता येणार नाही.

प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे की, गृहनिर्माण संस्थेच्या वसुलीचे कायदेशीर साधन हे मुळात शेतकऱ्याला दिलेल्या कर्जासाठी घडविले गेले. कर्ज देणारी संस्था आणि कर्ज घेणारा सभासद हे नाते त्यात गृहीत आहे. सदनिकाधारकाचे मासिक देणे हे मात्र कर्ज नसून वर्गणी आहे. या दोहोंतील अंतर कायद्याने पूर्णपणे कधीच भरून काढले नाही आणि वसुलीच्या अनेक अडचणींचे मूळ तेथे आहे.

साऱ्याची बाकी आणि सहकाराचा जन्म

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि तो लवकरच पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अन्य गावांत पसरला. दंगेखोरांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. कागद हाती आला की तो जाळावयाचा, अशी त्यांची रीत होती. या घटनेनंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य अधिनियम संमत झाला. मुंबई जमीन महसूल संहिताही त्याच वर्षीची आहे. एकाच वर्षातील हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले म्हणजे तत्कालीन राज्यकर्त्यांचा दृष्टिकोन स्पष्ट होतो. सावकाराच्या वसुलीवर दिवाणी न्यायालयाने अंकुश ठेवावा. सरकारच्या वसुलीला मात्र न्यायालयाची वाट पाहण्याचे कारण नसावे. मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, स्थावराचा लिलाव, प्रसंगी बाकीदाराची अटक हे सर्व महसुली अधिकाऱ्याच्या हुकुमाने होई.

१९०४ चा सहकारी पतसंस्था अधिनियम हा शेतकऱ्याला सावकाराखेरीज दुसरा कर्जदाता मिळवून देण्याचा प्रयत्न होता. त्या कायद्याखाली १९०५ मध्ये गदगजवळील कणगिनहाळ येथे संस्था स्थापन झाली, तेव्हा तो प्रदेश मुंबई इलाख्यातच होता. सावकाराच्या हातातील दिवाणी दाव्याचे शस्त्र या संस्थांना महागडे व मंद वाटणे स्वाभाविक होते. १९२५ च्या मुंबई सहकारी संस्था अधिनियमाने संस्था व सभासद यांच्यातील तंटे निबंधकाकडे लवादासाठी सोपविले आणि लवादाचा निवाडा महसुली बाकीच्या पद्धतीने अंमलात आणण्याची वाट खुली केली. राज्याने स्वतःच्या साऱ्यासाठी राखून ठेवलेला हात सहकारी संस्थेला उसना दिला, असे या तरतुदीचे वर्णन करता येईल. यामागील तर्क उघड होता. संस्थेचा पैसा हा गावाचा पैसा आहे, तो अडकला तर पुढच्या हंगामात कोणालाच कर्ज मिळणार नाही.

हा तर्क शेतीकर्जाला चपखल बसतो. पुढे तो जेथे नेण्यात आला तेथे तो कितपत बसतो, हे पाहण्यासाठी मुंबई शहराकडे वळावे लागते.

गावदेवी : मालक आणि भाडेकरू एकच

१९०४ च्या कायद्यात केवळ पतसंस्थांना वाव होता. १९१२ च्या अधिनियमाने अन्य उद्देशांच्या संस्थांची नोंदणी शक्य केली आणि १९१५ मध्ये मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तिचे प्रवर्तक रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी त्यापूर्वी, १९०६ मध्ये, शामराव विठ्ठल यांच्या नावाने पतसंस्था सुरू केली होती. म्हणजे पश्चिम भारतातील गृहनिर्माण सहकाराची सुरुवातही पतसंस्थेच्या अनुभवातून आलेल्या माणसाने केली, ही गोष्ट लक्षणीय आहे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या नगर सुधारणा न्यासाने शहराची दाट वस्ती मोडून नवे भाग आखावयास घेतले होते आणि मध्यमवर्गीय नोकरदारांपुढे निवाऱ्याचा प्रश्न उभा होता.

या संस्थेची रचना ज्या प्रकारची होती त्याला 'भाडेकरू सहभागीदारी' म्हणतात. इमारत व जमीन संस्थेची. सभासद हा संस्थेचा भागधारक आणि त्याच वेळी तिचा भाडेकरू. तो दरमहा संस्थेला जे देई त्याला भाडे असेच म्हटले जाई. या प्रकारच्या संस्थेत त्या भाड्याच्या पोटात काय काय असे हे पाहणे उद्बोधक आहे. इमारत बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता, त्यावरील व्याज, नगरपालिकेचे कर, विमा, दुरुस्ती आणि व्यवस्थापन हे सारे त्यात मिसळलेले असे. भाडे थकले म्हणजे कर्जफेडच थकली. थकविणारा सभासद हा अगदी नेमक्या अर्थाने ऋणको होता. पतसंस्थेसाठी घडलेला वसुलीचा कायदा अशा संस्थेला फारशी ओढाताण न करता लागू पडत होता.

स्वातंत्र्यानंतरही काही काळ हे चित्र टिकले. १९५२ मध्ये स्थापन झालेली सहकारी गृहनिर्माण वित्त संस्था गृहनिर्माण संस्थांना कर्ज देई आणि संस्था ते सभासदांकडून वसूल करून परत करीत. कर्जाची साखळी संस्थेतून जात होती.

ही साखळी तुटली कशी, हे समजण्यासाठी भाडे नियंत्रणाचा विचार क्रमप्राप्त आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाने प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी जोडले. भाडेकरूला त्यातून संरक्षण मिळाले यात शंका नाही. परंतु भाड्यासाठी इमारत बांधणे आणि बांधलेली इमारत दुरुस्त ठेवणे या दोन्हींतील मालकाचे स्वारस्य संपले. शहरातील नवे बांधकाम मालकी हक्काच्या सदनिकांकडे वळले. या व्यवहारांतील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी १९६३ मध्ये महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियम झाला. बांधकाम व्यावसायिकाने इमारत बांधावयाची, सदनिका विकावयाच्या आणि मग खरेदीदारांची संस्था नोंदवून द्यावयाची, हा क्रम त्यातून रूढ झाला. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या एचडीएफसीने व्यक्तीला थेट गृहकर्ज देण्यास सुरुवात केल्यावर कर्जाच्या साखळीतून संस्था जवळजवळ बाहेरच पडली.

गावदेवीची संस्था सभासदांनी एकत्र येऊन आधी स्थापिली आणि इमारत नंतर बांधली. १९६३ नंतरची संस्था इमारत उभी राहिल्यावर, पुष्कळदा एकमेकांस अनोळखी असलेल्या खरेदीदारांची बनली. तिने सभासदाला काहीच दिलेले नव्हते, कर्ज नाही आणि घरही नाही. घर त्याने विकत घेतले होते. तिच्याकडे उरली ती केवळ खर्चाची वाटणी. सभासदांच्या मनात 'भाडे' हा शब्द जाऊन 'मेंटेनन्स' हा शब्द रुजला, हा निव्वळ भाषेतील बदल नव्हता. भाडे न देणाऱ्याला घर जाण्याची धास्ती असते. मेंटेनन्स न देणाऱ्याला आपण आपल्याच घरात राहतो आहोत असे वाटते.

पीककर्जाच्या रांगेत सदनिका

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा. तो २६ जानेवारी १९६२ पासून अंमलात आला. त्यातील कलम ९१ अन्वये संस्था व सभासद यांच्यातील तंटे चालतात. हे काम सत्तरच्या दशकात सहकारी न्यायालयांकडे आले. कलम १०१ हा त्याहून जवळचा मार्ग आहे. संस्थेने थकबाकीचा हिशेब सादर करावा, निबंधकाने त्यास योग्य वाटेल अशी चौकशी करून वसुली दाखला द्यावा आणि तो दाखला थकबाकीचा निर्णायक पुरावा समजून रक्कम जमीन महसुलाच्या बाकीप्रमाणे वसूल व्हावी, अशी त्याची योजना आहे.

हे कलम मूळ शब्दांत वाचण्यासारखे आहे. त्याचा आरंभ पीककर्ज व हंगामी कर्ज देणाऱ्या संस्थांपासून होतो आणि 'हंगामी कर्ज' म्हणजे काय हे सांगण्यासाठी १९४७ च्या मुंबई कृषी ऋणको साहाय्य अधिनियमाचा हवाला दिला जातो. पुढे पीक संरक्षण संस्था येते, उपसा सिंचन संस्था येते, ग्रामीण कारागिरांची बहुउद्देशीय संस्था येते आणि या रांगेत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी आहे. तिच्या पाठोपाठ दूध संस्था, नागरी बँक, पगारदारांची संस्था, मच्छीमार संस्था अशी यादी लांबत जाते. वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्यांचे थर या एकाच लांबलचक वाक्यात एकावर एक साचलेले दिसतात. कायद्याच्या इतिहासाचा विद्यार्थी त्याकडे उत्खननातील खड्ड्याप्रमाणे पाहू शकेल.

या यादीतील बहुतेक संस्थांनी सभासदाला मोजून पैसे किंवा पाणी दिलेले असते. मुद्दल किती, हप्ते किती आले, व्याज किती, हे खातेउताऱ्यावरून निघते. म्हणूनच साक्षीपुराव्याच्या लांब प्रक्रियेशिवाय, हिशेबाच्या आधारे दाखला देणे तेथे फारसे अन्यायकारक ठरत नाही. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करावयाचा तर वसूल करावयाच्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी संस्थेकडे भरावी लागते, ही कलम १५४ मधील अटही कर्जदाराच्या बाबतीत समजण्याजोगी आहे. त्याने पैसे घेतले आहेत हे तरी निर्विवाद असते.

गृहनिर्माण संस्थेत नेमके तेच वादाचे असते.

देणे म्हणजे किती?

सदनिकेच्या मासिक बिलाकडे पाहिले तर त्यातील प्रत्येक ओळीची वाटणी निराळ्या तत्त्वावर होते. मालमत्ता कर प्रत्यक्ष आकारणीप्रमाणे. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर व आकारावर. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के, पहारेकरी, सफाई, कार्यालय यांचे सेवाशुल्क सर्वांना सारखे. आदर्श उपविधींतील ही रचना विचारपूर्वक केलेली आहे, परंतु ती सर्वांना न्याय्य वाटतेच असे नाही. मोठ्या सदनिकेने जास्त द्यावे की पहारेकरी सर्वांसाठी सारखाच जागतो म्हणून सर्वांनी सारखे द्यावे, हा वाद कित्येक सर्वसाधारण सभांतून रंगलेला आहे. २९ एप्रिल २००० च्या शासन आदेशाने सेवाशुल्क समान असावे असे ठरविले आणि व्हीनस सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात क्षेत्रफळाच्या प्रमाणात आकारणी करण्याचा संस्थेचा आग्रह मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. उलट १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमात सामाईक खर्च अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात वाटण्याचे तत्त्व आहे. शेजारशेजारच्या दोन इमारती, एकीचा पहारेकरी समान दराने आणि दुसरीचा हिश्शाने, केवळ नोंदणी कोणत्या कायद्याखाली झाली यावर. समानतेचे तत्त्व ऐकावयास चांगले असले तरी ते लहान सदनिकेच्या धारकाला महाग पडते, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

बिनभोगवटा शुल्काची कथाही अशीच आहे. सदनिका भाड्याने दिलेल्या सभासदाकडून संस्था मन मानेल तसे शुल्क आकारीत. १ ऑगस्ट २००१ रोजी शासनाने त्यावर सेवाशुल्काच्या १० टक्के अशी मर्यादा घातली. माँ ब्लाँ सहकारी गृहनिर्माण संस्थेने या निर्णयास दिलेले आव्हान २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळले. त्या मर्यादेपूर्वी वर्षानुवर्षे 'थकबाकीदार' म्हणून नोंदले गेलेले काही सभासद वस्तुतः अवाजवी आकारणी नाकारणारे होते, असे या निकालाच्या प्रकाशात म्हणावे लागते.

याचा अर्थ प्रत्येक थकबाकीमागे तत्त्वाचा प्रश्न असतो असा नाही. आळस, बेफिकिरी, समितीवरील राग, बंद सदनिकेचा परदेशस्थ धारक, वारसांतील भांडण ही कारणे अधिक आढळतात. विकल्या न गेलेल्या सदनिकांचा खर्च देण्यास टाळाटाळ करणारा विकासक हा तर नव्या इमारतीतील सर्वात मोठा थकबाकीदार असू शकतो. त्याच्या वाट्याचे पाण्याचे आणि विजेचे पैसे भरतात ते नियमित देणारे सभासद. उद्वाहन बंद पडले की त्याची झळ बसते ती वरच्या मजल्यावरील वृद्धांना, मग त्यांची बिले चुकती असोत वा नसोत. शेतीकर्ज बुडविणारा गावाचे पुढच्या हंगामाचे नुकसान करतो. येथे नुकसान त्याच महिन्यात आणि त्याच जिन्यात होते. वसुलीचा जलद मार्ग असणे आवश्यक होते, याबद्दल म्हणूनच दुमत होऊ नये. आक्षेप आहे तो इतकाच की 'देणे किती' आणि 'देणे वसूल कसे करावे' हे दोन प्रश्न एकाच अर्जात, एकाच अधिकाऱ्यासमोर, एकाच हिशेबाच्या कागदावर आणले गेले.

शेजाऱ्याची जप्ती

दाखला मिळाल्यानंतरची प्रक्रिया १९६१ च्या नियमांतील नियम १०७ मध्ये आहे. मागणीची नोटीस, जंगम वस्तूंची जप्ती, स्थावराची जप्ती, उद्घोषणा आणि जाहीर लिलाव या तिच्या पायऱ्या होत. लिलावानंतरही ३० दिवसांच्या आत संपूर्ण देणे आणि खरेदीदारासाठी खरेदी रकमेच्या ५ टक्के इतकी रक्कम भरून विक्री रद्द करून घेण्याची सवलत ऋणकोस आहे. यात महसुली कायद्याची जरब आणि दयाबुद्धी दोन्ही उतरल्या आहेत.

सदनिका मुळात जप्त होऊ शकते काय, हा प्रश्नही एके काळी खुला होता. इमारत संस्थेची असेल आणि सभासदाकडे केवळ राहण्याचा हक्क असेल, तर जप्त काय करावयाचे? १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरू सहभागीदारी संस्थेतील सदनिकेचा भोगवट्याचा हक्क हस्तांतरणीय असून हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत तो जप्त करून विकता येतो, असा निर्णय दिला. त्यामुळे सभासदाचा हक्क मालमत्ता म्हणून बळकट झाला आणि त्याच कारणाने तो जप्तीस पात्रही ठरला. अधिनियमाच्या कलम ४७ ने संस्थेच्या देण्याचा पहिला बोजा सभासदाच्या स्थावरातील हितसंबंधावर ठेवला आहे. त्या कलमातील देण्यांच्या यादीत पहिला शब्द आजही 'भाडे' हाच आहे. परंतु गृहकर्ज थेट व्यक्तीला मिळू लागल्यापासून त्याच सदनिकेवर बँकेचे गहाणही असते आणि २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला न्यायालयाबाहेर विक्रीचा अधिकार दिला. पहिला बोजा कोणाचा, या प्रश्नाला त्यामुळे कागदावरील उत्तर आणि व्यवहारातील उत्तर अशी दोन रूपे आली.

व्यवहारात मात्र संस्थेचा सर्वात परिणामकारक वसुली अधिकारी म्हणजे सदनिकेचा भावी खरेदीदार होय. उपविधींनुसार संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र ही हस्तांतरणाची अनिवार्य अट नाही. पण खरेदीदारास कर्ज देणारी बँक ते मागते आणि सचिव ते देण्यापूर्वी खातेवही उघडतो. अनेक वर्षांची बाकी एका दुपारी, धनादेशाने, कोणत्याही नोटिशीविना वसूल होते. ज्याला घर विकावयाचेच नाही त्याच्यापुढे मात्र हा उपाय चालत नाही.

जप्तीच्या वाटेने जाण्याचा संकोच हेही या संस्थांचे एक वैशिष्ट्य आहे. अध्यक्ष, सचिव व खजिनदार हे मानधनाशिवाय काम करणारे, त्याच जिन्याने वर जाणारे लोक असतात. शेजाऱ्याच्या दारावर जप्तीची नोटीस लावणे म्हणजे पुढची वीस वर्षे त्या दारावरून मान खाली घालून जाणे. म्हणून मग सूचनाफलकावर नावे लावणे, गणेशोत्सवाच्या पावतीच्या वेळी टोमणा मारणे, पाणी तोडण्याची धमकी देणे असे उपाय पुढे येतात. पाणी तोडण्याचा अधिकार उपविधींनी संस्थेला कोठेही दिलेला नाही, तरी ही धमकी दिली जातेच. महसुली कायद्याची सारी ताकद हाताशी असूनही संस्था गावकीच्या जुन्या साधनांकडे वळते, हे समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी तपासून पाहण्याजोगे आहे.

२०१३ च्या सुधारणेनंतर थकबाकीची व्याख्या अधिक काटेकोर झाली. मागणीची लेखी नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत देणे न भरणारा सभासद समितीवर राहण्यास अपात्र ठरतो. २०१९ च्या सुधारणेने गृहनिर्माण संस्थांसाठी अधिनियमात 'तेरा-ब' हे स्वतंत्र प्रकरण आले. पीककर्ज, उपसा सिंचन आणि दूध संस्थांच्या रांगेतून सदनिका अखेर बाहेर आली आणि वसुलीची तरतूद कलम १५४ब-२९ मध्ये वेगळी नोंदली गेली. तथापि तिची यंत्रणा तीच राहिली. हिशेब, चौकशी, दाखला आणि जमीन महसुलाची बाकी हा क्रम बदलला नाही. आकारणीच मान्य नसलेल्या सभासदाचे म्हणणे दाखल्यापूर्वी स्वतंत्रपणे ऐकून घेणारी पायरी त्यात आली नाही. उपविधींनी थकबाकीवरील साध्या व्याजाला दरसाल २१ टक्क्यांची कमाल मर्यादा ठेवली होती. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांच्या मसुद्यात ती १२ टक्क्यांवर आणण्याचे सुचविण्यात आले. १८७५ च्या सुप्यापासून व्याजाच्या दरावर सुरू झालेली चर्चा दीडशे वर्षांनी सदनिकेच्या बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीपर्यंत येऊन पोहोचली आहे.